मोनोस्कीवरून डाउनहिल रेस : भाचा हट्टाला पेटलाय, माहितगारांनी जरा मदत करा

मंजिरी_कोथरूड

नमस्कार मंडळी, विषय जरा वेगळा आहे पण इथे अमेरिका-युरोपातले बरेच जण असतात म्हणून विचारतेय. माझी ताई कोलोरॅडोत असते, तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. दोन वर्षांपूर्वी गाडीच्या अपघातात त्याच्या मणक्याला मार लागला, टी-१० कम्प्लीट (छातीच्या भागातल्या दहाव्या मणक्यापाशी पूर्ण इजा), म्हणजे कमरेखाली संवेदनाही नाही आणि हालचालही नाही, व्हीलचेअर वापरतो. गेल्या हिवाळ्यात त्याच्या फिजिओच्या सांगण्यावरून त्याला बर्फावर नेलं, मोनोस्की म्हणतात त्या सीटवर बसवलं आणि तेव्हापासून पोरगा दुसरं काही बोलतच नाहीये. आधी आम्हाला आनंदच झाला कारण अपघातानंतर तो घरातच बसून असायचा, मित्रांचे फोनसुद्धा घ्यायचा नाही. पण आता म्हणतोय की नुसतं स्कीइंग नाही, मला रेस करायचीय, आणि रेसमध्येही डाउनहिलच, म्हणजे सगळ्यात जास्त वेगाची, कमी वळणांची शर्यत. भिंतीवर मोनोस्कीवरून डाउनहिल जिंकलेल्या कोरी पीटर्सचा फोटो लावलाय.

मला रोज व्हिडिओ पाठवतो, बीजिंग २०२२ च्या पॅरालिंपिकचे, त्याच्या आधीचे. मी बघते आणि पोटात गोळा येतो. ताई तर बघतच नाही. जिजाजी म्हणतात करू दे, ताई म्हणते एकदा मणका मोडला तेवढं पुरे नाही का, आणि दोघांच्या मध्ये मी पुण्यात बसून रात्री फोनवर. मला त्याची बाजू घ्यायचीय पण काही कळल्याशिवाय कशी घेऊ?

एक तर हा प्रकार खरंच किती धोक्याचा आहे, आणि आज शिकायला लागलेला मुलगा खऱ्या डाउनहिलपर्यंत किती लवकर पोचतो? दुसरं म्हणजे व्हिडिओत मला एक गोष्ट अजिबात कळली नाही, एखादा मागाहून येतो, डोळ्यांना स्पष्ट दिसतं की आधीच्यापेक्षा हळू आलाय, तरी वरचा नंबर त्याचाच. आणि ते अंध खेळाडू, पुढे एक जण जातोय आणि हे त्याच्या मागे त्या वेगात, हे कसं शक्य आहे? भाच्याला विचारलं तर तो म्हणतो मावशी तू गूगल कर.

---

सह्याद्री_ते_रॉकीज

मंजिरीताई, मी कोलोरॅडोतच असतो आणि हिवाळ्यात वीकेंडला अॅडॅप्टिव्ह (अपंगांसाठीच्या) स्की प्रोग्रॅममध्ये व्हॉलंटियर म्हणून जातो, त्यामुळे मोनोस्कीबद्दल नीट सांगू शकतो. रेसचे नियम माझ्यापेक्षा श्रीरंगला जास्त माहीत आहेत, तो लिहीलच.

आधी वस्तू काय आहे ते. एकच स्की, त्याच्यावर धातूची फ्रेम, फ्रेममध्ये शॉक अॅब्झॉर्बर आणि वर माणसाच्या अंगाच्या मापाची कडक सीट. पाय पुढे, मांड्या-कंबर-पोट पट्ट्यांनी घट्ट आवळलेले, इतके घट्ट की सीट आणि माणूस वेगळे हलायला नकोत, कारण तुम्ही खांदा किंवा धड जे वळवाल ते थेट स्कीच्या कडेपर्यंत पोचलं पाहिजे. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे आखूड कुबडी आणि तिच्या टोकाला छोटीशी स्की. वळताना त्यावर टेकायचं, थांबल्यावर दोरी ओढून ती स्की उभी केली की बर्फ ढकलत पुढे जायला उपयोग होतो. बस, एवढंच सामान. पाय-गुडघ्यांचं सगळं काम तो शॉक आणि खांदे करतात.

टी-१० म्हणजे पोटाचे वरचे स्नायू बऱ्यापैकी शाबूत असतात, खालचे गेलेले. मोनोस्कीसाठी ही परिस्थिती चांगली आहे. छातीपासून खाली काहीच नसलेले लोकही स्की करतात, पण त्यांना पाठ उंच लागते, पट्टे जास्त लागतात आणि सुरुवात बहुतेक वेळा बाय-स्कीवर होते, म्हणजे दोन स्कीवाल्या सीटवर. इन्स्ट्रक्टर मागून पट्ट्याने धरून येतो, लहानपणी सायकल शिकवताना सीट धरून पळायचे तसं. भाचा सरळ मोनोस्कीवर बसलाय याचा अर्थ शिकवणाऱ्यांना त्याच्या धडाचा तोल बरा वाटलाय.

आता धोका. ताईंना जी भीती वाटते ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. पण डाउनहिलच्या आधी ज्या गोष्टी सांभाळायच्या असतात त्या फार कमी लोक घरच्यांना सांगतात म्हणून इथे लिहितो. पायांना संवेदना नाही म्हणजे थंडीही कळत नाही, बोटांना हिमदंश झाला तरी मुलाला पत्ता नसतो, त्यामुळे दर थोड्या वेळाने आत येऊन बूट काढून डोळ्यांनी बघायचं, हा नियम मोडायचा नाही. तसंच बुडाची आणि पाठीची त्वचा, कडक सीट आणि धक्के, घरी आल्यावर आरशात बघायचं, लालसर डाग दाबून पांढरा होत नसेल तर तो जाईपर्यंत स्की बंद. तिसरं, लकवा झालेल्या पायांची हाडं विरळ होतात, त्यामुळे किरकोळ पडण्यातही पायाचं हाड मोडू शकतं आणि दुखतच नाही, संध्याकाळी पाय सुजलेला दिसला की मग कळतं. हाडांची घनता तपासून घ्या, डॉक्टरांना स्पष्ट सांगा की हा मुलगा रेस करायचं म्हणतोय.

आणि चेअरलिफ्ट! नवीन लोकांना उतारापेक्षा लिफ्टचं टेन्शन जास्त असतं. सीट उचलायचा खटका ओढायचा, शरीर वर येतं, मागून खुर्ची येते त्याच क्षणी आउटरिगरवर जोर देऊन मागे बसायचं, सोबतचा माणूस हात देतो. लिफ्ट बंद पडली तर दोराने खाली कसं उतरवायचं याचाही सराव प्रोग्रॅमवाले करून घेतात, घेत नसतील तर विचारा.

किती लवकर पोचतो? लगेच अजिबात नाही. आधी पडणं शिकतात, पडल्यावर आपलं आपण उठणं शिकतात, मग हिरवे (सोपे) उतार, निळे (मध्यम) उतार, मग गेट्स, म्हणजे खांब रोवून आखलेल्या वाटेवरून वळत येणं. रेसमध्ये शिरणारे स्लालम आणि जायंट स्लालमपासून सुरू करतात कारण तिथे वळणं जवळजवळ असतात, वेग कमी असतो आणि तंत्र पक्कं होतं. मग सुपर-जी, म्हणजे जायंट स्लालम आणि डाउनहिल यांच्या मधला प्रकार. डाउनहिल सगळ्यात शेवटी. यात काही हिवाळे जातात. म्हणजे ताईंना आत्ता डाउनहिलला हो म्हणायचंच नाहीये, पुढच्या सीझनला गेट ट्रेनिंगला हो म्हणायचंय, आणि ते पूर्णपणे वेगळं आहे.

---

श्रीरंग_म्युनिक

माझं नाव आलंच आहे तर लिहितो. मी स्वतः साधा स्कीअर, पण पॅरा अल्पाइनच्या, म्हणजे अपंग खेळाडूंच्या उतारावरच्या स्की रेस बरीच वर्षं आवडीने बघतोय आणि माझ्या मते हा हिवाळी खेळांमधला सगळ्यात कमी बघितला गेलेला भारी प्रकार आहे.

हळू येऊन जिंकण्याचं कोडं असं आहे. खेळाडूंचे तीन मोठे गट, बसून (सिटिंग), उभं राहून (स्टँडिंग) आणि दृष्टिबाधित. प्रत्येक गटाच्या आत पुन्हा क्लास. उभ्यांमध्ये एका पायाने एका स्कीवर येणारा असतो, कृत्रिम पाय लावून दोन स्कीवर येणारा असतो, एक हात नसलेला असतो, दोन्ही हात नसलेला, म्हणजे एकही काठी नाही, असाही असतो. बसणाऱ्यांत धडाचा तोल किती शाबूत आहे त्यावर क्लास ठरतो. आता या सगळ्यांना एकाच पदकासाठी भिडवायचं तर घड्याळ सारखं चालून कसं चालेल, म्हणून प्रत्येक क्लासला एक टक्केवारी दिलेली असते, तिला फॅक्टर म्हणतात, खऱ्या वेळेला तिने गुणायचं. फक्त समजावं म्हणून आकडे घेतो, एकाला १०० सेकंद लागले आणि त्याचा फॅक्टर ०.९० आहे, निकालात ९० सेकंद. दुसऱ्याला ११० लागले पण त्याचा फॅक्टर ०.८०, निकालात ८८. दुसरा जिंकला. तुम्हाला डोळ्यांनी दिसलं की तो दहा सेकंद हळू आला, बरोबरच दिसलं, पण त्याच्या शरीराकडे जे आहे त्यात त्याने काढलेली वेळ जास्त अवघड होती. हे फॅक्टर आधीच्या अनेक रेसच्या निकालांवरून काढतात आणि प्रत्येक प्रकाराला वेगळे असतात, कारण एका पायाचा माणूस सरळ घसरताना जेवढा मागे पडतो आणि भराभर वळताना जेवढा मागे पडतो त्यात फरक आहे.

यावर भांडणं होतातच. अमक्या क्लासला फॅक्टर उदार मिळतो, तमक्यावर अन्याय होतो हे दर सीझनला ऐकू येतं. पण पूर्वी प्रत्येक क्लासचं वेगळं पदक असायचं, एकेका शर्यतीत मोजकी माणसं आणि पदकांची रांग. २००६ च्या तुरीनपासून तीन गट केले आणि स्पर्धेला खरी धार आली. मला आत्ताची पद्धत शंभर टक्के जास्त पटते, जिंकलेल्याला आपण कुणाला हरवलं ते माहीत असतं.

आता अंध खेळाडू. पुढचा तो गाईड. दोघांच्या हेल्मेटमध्ये ब्लूटूथ हेडसेट, गाईड सतत बोलत असतो, डावं वळण, आता, उंचवटा येतोय, घट्ट धर, सोड. काही जोड्यांत गाईडच्या पाठीवर स्पीकरही असायचा. शर्यतीत एकमेकांना हात लावायचा नाही. ज्यांना थोडंफार दिसतं ते गाईडच्या भडक रंगाच्या कपड्यांचा ठिपका पकडून येतात, आणि पूर्ण दृष्टिहीन क्लासमध्ये सगळ्यांनी काळा केलेला गॉगल घालायचा म्हणजे कुणाला उजेडाचाही फायदा नको. वेळ खेळाडूची लागते, पदक मात्र दोघांनाही मिळतं, आणि ते योग्यच आहे, कारण गाईडला ताशी शंभरच्या आसपास स्की करत, मागे कान ठेवून, मागच्याचा वेग ओळखून आपला वेग ठेवायचा असतो. फार पुढे गेला तर मागचा हरवला, फार हळू झाला तर मागचा अंगावर.

हा विश्वास कसा तयार होतो हे बघायचं असेल तर ऑस्ट्रियाचे आयग्नर भावंडं बघा. बीजिंगला योहानेस आयग्नर सोळा वर्षांचा होता, भाच्याएवढाच म्हणा ना, आणि त्याने डाउनहिलचं सुवर्ण घेतलं, गाईड मातेओ फ्लाइशमान. त्याची बहीण वेरोनिका जायंट स्लालम आणि स्लालम जिंकली आणि तिची गाईड होती तिची सख्खी बहीण एलिझाबेथ. ब्रिटनचा नील सिम्पसन सुपर-जी जिंकला तेव्हा पुढे त्याचा भाऊ अँड्र्यू होता. स्लोव्हाकियाची हेन्रिएटा फार्काशोवा आणि नतालिया शुब्रतोवा यांचे २०१८ चे व्हिडिओ मिळाले तर जरूर बघा, चार सुवर्ण आणि एक रौप्य, दोघी जणी एकाच दोरीला बांधल्यासारख्या वळतात.

---

चाकावरची_नाशिककर

मी बर्फ फक्त फोटोत बघितलाय त्यामुळे स्कीबद्दल बोलणार नाही. पण मी स्वतः टी-८, व्हीलचेअरवर येऊन बरीच वर्षं झाली, आणि मंजिरी तुला त्या मुलाच्या बाजूने एक सांगते.

अपघातानंतर आजूबाजूचे सगळे तुमच्यासाठी धोका मोजायला लागतात. जिना नको, प्रवास नको, एकटीने रिक्षा नको, पावसात नको. प्रेमानेच करतात, माझी आई तर अजून करते. पण पंधरा वर्षांच्या धडधाकट मुलाने स्की रेस करायची म्हटली असती तर तुमच्या घरात चर्चा झाली असती ती हेल्मेट कुठलं आणि कोच कोण याची. व्हीलचेअरवरच्या मुलाने म्हटली तर चर्चा होते की करू द्यायचं का. हा फरक त्याला कळतो. अगदी नक्की कळतो, बोलून दाखवत नसला तरी.

सह्याद्रीदादांनी त्वचेचं लिहिलंय ते दहा वेळा वाचा. मला एका जखमेने कित्येक महिने पालथं झोपवलं होतं. ताईला काळजी करायचीच आहे ना, तर तिला ही काळजी द्या, रोज रात्रीची त्वचा तपासणी, ती खरी उपयोगाची आहे. आणि टी-६ ला किंवा त्याच्या वर इजा असणाऱ्यांना बीपी एकदम चढण्याचा वेगळा धोका असतो, टाईट पट्टा किंवा भरलेली लघवीची पिशवी एवढंही कारण पुरतं, पण टी-१० ला तो प्रश्न सहसा येत नाही. लघवीचं वेळापत्रक मात्र डोंगरावर जाण्याआधी ठरवून घ्या, थंडीत पाणी कमी प्यायची सवय लागते मुलांना आणि मग इन्फेक्शन होतं.

तो फोन घ्यायला लागलाय का आता मित्रांचे?

---

मंजिरी_कोथरूड

घेतो, हो. मित्रांचेही आणि आता तर स्कीवाल्या नव्या मित्रांचेच जास्त. तुमचा प्रतिसाद मी ताईला जसाच्या तसा वाचून दाखवला. ती बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली की हेल्मेट कुठलं ते विचार.

पण मला तिचा एक प्रश्न विचारायचाच आहे कारण उत्तर गोडगोड नको म्हणाली. डाउनहिलमध्ये मोनोस्कीवाला पडला तर नक्की काय होतं? भाच्याने पाठवलेल्या व्हिडिओंमध्ये सगळे जिंकणारेच आहेत. आणि सासूबाईंचा एक प्रश्न आहे की आपल्या भारतातून कुणी जातं का यात.

---

सह्याद्री_ते_रॉकीज

गोडगोड नाही लिहीत.

उभा स्कीअर पडला की स्की सुटते, तो वेगळा घरंगळतो, स्की वेगळी. मोनोस्कीवाला सीटमध्ये आवळलेला असतो, तो आणि फ्रेम मिळून एकच वस्तू घरंगळते, कधीकधी कोलांट्या खात. गुडघ्याचे लिगामेंट वगैरे प्रकार कमी, पण खांदा, मनगट, कॉलरबोन, बरगड्या, डोकं आणि मणका या जागा. आणि व्हीलचेअरवाल्याचा खांदा गेला की त्याचं रोजचं चालणं-फिरणंच बंद पडतं, बेडवरून खुर्चीत जाणंसुद्धा, त्यामुळे खांद्याची दुखापत आपल्यापेक्षा त्याला महाग पडते. हे ताईंना माहीत असायला हवं.

सोचीला २०१४ मध्ये काय झालं ते सांगतो, कारण भाच्याने ते व्हिडिओ तुम्हाला पाठवले नसणार. पॅरालिंपिक ऑलिंपिकनंतर असतं, मार्चमध्ये. त्या वर्षी शर्यतीच्या डोंगरावर, रोझा खुतोरला, ऊन तापलं, बर्फ मऊ झाला, वेळापत्रक फिरवावं लागलं. त्यात साधारण क्रम असा असतो की आधी दृष्टिबाधित, मग उभे, शेवटी बसणारे. म्हणजे मोनोस्कीवाल्यांच्या वाट्याला दुपारचा सगळ्यात मऊ, आधीच्यांनी खणून ठेवलेला कोर्स, आणि एकाच स्कीवर चरांमधून जाताना चूक सुधारायला दुसरा पाय नसतो. अमेरिकेचा टायलर वॉकर डाउनहिलमध्ये इतका वाईट पडला की हेलिकॉप्टरने न्यावं लागलं. त्याच्याच टीममधला अँड्र्यू कुर्का आधीच ट्रेनिंग रनमध्ये पडून मणक्याचं हाड मोडून बसला होता, त्याला शर्यत करताच आली नाही.

आता पुढचंही ऐका. दोघंही परत आले. २०१८ ला प्योंगचांगमध्ये वॉकरने पदकं घेतली, आणि कुर्काने डाउनहिलचं सुवर्ण घेतलं, ज्या प्रकारात पाठ मोडली त्याच प्रकारात. हा कुर्का अलास्काचा, तेराव्या वर्षी चारचाकी क्वाड बाईकवरून पडून मणक्याला इजा झाली, आणि पंधरा वर्षांचा असताना मोनोस्कीवर बसला. ताईंच्या मुलाचंच वय. कोरी पीटर्सही तसाच, न्यूझीलंडचा, २००९ मध्ये मोटोक्रॉसच्या अपघातात पाय गेले, २०१४ ला पहिलं पदक आणि डाउनहिलचं सोनं २०२२ ला. जिंकणाऱ्या व्हिडिओच्या मागे किती हिवाळे असतात ते भाच्यालाही एकदा नीट दाखवा, त्याचा फायदा होईल.

धोका कमी करायला काय असतं तर डाउनहिलच्या आधी त्याच कोर्सवर ट्रेनिंग रन होतात आणि निदान एक केल्याशिवाय शर्यतीला उभं राहता येत नाही. सकाळी कोर्स सावकाश उतरत बघायचा असतो, प्रत्येक गेट, प्रत्येक उडी पाठ करायची. कडेला जाळ्या, कुशन. अंगात पाठीचं कवच, हेल्मेट फुल शेल रेसिंगवालं घ्या, कानावर मऊ पट्टी असलेलं रिक्रिएशनल नको. (ताईंनी विचारलंय म्हणून, ब्रँडपेक्षा रेसिंगसाठी मान्यता आहे का त्याचं लेबल बघा आणि एकदा आपटलं की बदला.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, आज बर्फ बरोबर नाही, आज उतरायचं नाही असं सांगणारा कोच. मी कोच निवडताना एवढंच विचारलं असतं, गेल्या सीझनला तुम्ही किती वेळा मुलांना गेटवरून परत पाठवलंत?

---

अनिल_इस्लामपूर

सासूबाईंच्या प्रश्नाचं उत्तर मी देतो. २०२२ पर्यंत भारतातून हिवाळी पॅरालिंपिकला एकही खेळाडू गेलेला नाही. बीजिंग ऑलिंपिकला अल्पाइन स्कीइंगमध्ये काश्मीरचा आरिफ खान एकटा होता, तोही धडधाकटांच्या स्पर्धेत. स्पेशल ऑलिंपिक वेगळं, ते बौद्धिक अक्षमता असणाऱ्यांचं, तिथे हिवाळी स्पर्धांना आपली मुलं जातात आणि पदकंही आणतात, पेपरवाले दोन्ही एकच करून टाकतात म्हणून सांगितलं. गुलमर्ग, औली इथे उतार आहेत, पण मोनोस्की, तो बसवून देणारा, शिकवणारा, लिफ्टवर चढवणारा ही सगळी साखळी लागते, आणि खरं दुःख तिथे आहे. अपंग खेळाडू आपल्याकडे कमी नाहीत.

आमच्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर, ६५ च्या युद्धात गोळ्या लागल्या, कमरेखाली अपंगत्व आलं, १९७२ ला हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये सुवर्ण, भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण. आणि हे स्कीचं सुद्धा सैनिकांनीच सुरू केलेलं आहे बरं का. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेले ऑस्ट्रिया-जर्मनीचे सैनिक घरी परतले ते डोंगरातल्याच गावांत, लहानपणापासून स्की केलेले, त्यांनी कुबड्यांना स्कीचे तुकडे बांधून बघितले. सेप झ्विकनागल नावाचा ऑस्ट्रियन, हातबॉम्बने दोन्ही पाय गेलेले, कृत्रिम पायांवर स्की करायला लागला आणि किट्झब्यूलला चक्क इन्स्ट्रक्टर झाला. १९७६ ला स्वीडनमध्ये पहिलं हिवाळी पॅरालिंपिक झालं तेव्हा अल्पाइनमध्ये स्लालम आणि जायंट स्लालम एवढंच होतं, डाउनहिल आलं १९८४ ला इन्सब्रुकला. म्हणजे ज्या लोकांनी हे सुरू केलं त्यांनी कुणाची परवानगी विचारली नव्हती. सासूबाईंना सांगा, नातू चांगल्या रांगेत उभा आहे.

---

श्रीरंग_म्युनिक

अनिलभाऊ, छान लिहिलंत. त्या मुलाला मुलींच्या रेसही बघायला सांगा, सगळे फक्त पुरुषांच्या बघतात. जर्मनीची आना शाफेलहुबर, बसून, सोचीला पाचच्या पाच सुवर्ण. त्यातल्या स्लालममध्ये तिला आधी बाद केलं होतं, स्टार्टला आउटरिगर नीट स्थिर नव्हते म्हणून, मग अपील करून सुवर्ण परत मिळालं. टी-१० वाल्याने मोनोस्की कशी चालवायची हे शिकायला तिचे व्हिडिओ सोनं आहेत, ताकदीने नाही, खांद्याच्या वेळेवर वळते. जपानची मोमोका मुराओका बीजिंगला डाउनहिल, सुपर-जी आणि जायंट स्लालम तिन्ही जिंकली आणि त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात टोकियोला व्हीलचेअरवर १०० मीटर धावली होती. अमेरिकेची अलाना निकोल्स, व्हँकुव्हरला २०१० ला डाउनहिलचं सुवर्ण, आणि त्याआधी २००८ ला व्हीलचेअर बास्केटबॉलचं. उन्हाळ्यात काय करायचं हा प्रश्न भाच्याला पडला तर उत्तर यात आहे.

---

मंजिरी_कोथरूड

मंडळी किती लिहिलंत, मनापासून आभार. काल ताई, जिजाजी आणि भाचा तिघं एकत्र व्हिडिओ कॉलवर होते. ठरलं असं की पुढच्या सीझनला गेट ट्रेनिंग, डाउनहिलचं नाव दोन वर्षं काढायचं नाही, आणि त्याआधी हाडांची तपासणी. सोचीचा वॉकरचा व्हिडिओ ताईने स्वतः लावला, भाच्यासोबत बसून बघितला. तो म्हणाला मला माहीत होता, तुला दाखवला नव्हता.

आता प्रश्न पैशांचा. स्वतःची मोनोस्की घ्यायची तर किती, आणि लगेच घ्यावी का? मला मावशी म्हणून वाटा उचलायचाय.

---

सह्याद्री_ते_रॉकीज

लगेच घेऊ नका. नवीन मोनोस्की काही हजार डॉलर्सला जाते आणि पंधरा वर्षांचा मुलगा वाढतोय, सीट लहान पडेल आणि सैल किंवा घट्ट सीट म्हणजे पुन्हा त्वचेचा प्रश्न. पहिला सीझन प्रोग्रॅमची वापरा. विंटर पार्कला नॅशनल स्पोर्ट्स सेंटर फॉर द डिसेबल्ड आहे, १९७० पासून चालू, तिथे रेसिंगचं वेगळं ट्रेनिंगही आहे. ब्रेकनरिज आणि अॅस्पेनलाही चांगले प्रोग्रॅम आहेत. डिसेंबरात ब्रेकनरिजला मूव्ह युनायटेड या अपंगांच्या खेळांच्या संस्थेचा स्की स्पेक्टॅक्युलर हा मेळावा असतो, तिथे वेगवेगळ्या बनावटीच्या मोनोस्की एकाच ठिकाणी बसून बघता येतात आणि मुख्य म्हणजे रेस करणारी इतर मुलं आणि त्यांचे आईबाप भेटतात. ताईंनी नक्की जावं, आमच्यासारख्यांनी लिहिलेल्यापेक्षा दुसऱ्या आईशी अर्धा तास बोलणं जास्त कामाचं.

स्वतःची घ्यायची वेळ आली की ग्रँट मिळतात. चॅलेंज्ड अॅथलीट्स फाउंडेशन देतं, आणि मणक्याच्या इजेसाठी खास केली ब्रश फाउंडेशन आहे. ही केली ब्रश कॉलेजची स्की रेसर होती, २००६ मध्ये जायंट स्लालमच्या शर्यतीत लिफ्टच्या खांबावर आदळून कमरेखालचं गेलं. ती आता मोनोस्की करते आणि तिचं फाउंडेशन दोन कामं करतं, मणक्याला इजा झालेल्यांना साहित्यासाठी पैसे आणि रेस कोर्सच्या कडेला जाळ्या लावायला क्लब्जना मदत. ताईंना हे मुद्दाम सांगा.

मावशीने वाटा उचलायचाच असेल तर रेसिंग हेल्मेट आणि पाठीचं कवच घ्या, ते प्रोग्रॅमचं वापरू नये, स्वतःच्या मापाचंच हवं. डोक्याचा घेर कपाळाच्या मध्यातून मोजा, कवचासाठी मानेच्या उंचवट्यापासून सीटची पाठ जिथे सुरू होते तिथपर्यंतची लांबी, बसलेल्या स्थितीत मोजा, झोपवून नाही. कवच खाली सीटवर टेकलं तर वळताना ते वर सरकून हेल्मेटला ढकलतं. मापं इथे टाका, बघू.